बोटीवरचा कचरा : नाखवा, तांडेल आणि खलाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरात आमच्या घरची बोट लागते. रेशन, डिझेल आणि बर्फाची वही माझ्याकडे असते. बोटीवर काय चढलं ते त्या वहीत पैशापर्यंत लिहिलेलं असतं, पण उतरताना मासळी सोडून कशाचीच नोंद नसायची. एका फेरीला दोन क्रेट पाण्याच्या बाटल्या चढल्या आणि एकही रिकामी बाटली परत आली नाही. तेव्हा मी विचारायला लागले आणि मग मलाच नाखवे (बोटीचे मालक), तांडेल (बोटीवरचे प्रमुख) आणि खलाशी विचारायला लागले. खालची उत्तरं आठ-दहा दिवसांच्या फेरीला जाणाऱ्या, सात-आठ माणसांच्या यांत्रिक बोटीला धरून आहेत. होडी, पर्यटकांची बोट आणि मोठं जहाज यांच्यासाठी वेगळं काही असेल तर तिथे तसं सांगितलं आहे.

एवढा मोठा दर्या. आमच्या एका पिशवीने काय बिघडतं?

डोलवाल्यांना विचारा. उत्तन, गोराई, वर्सोवा या पट्ट्यात डोल लावतात. डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जे वाहून येईल ते त्यात शिरतं. बोंबील-जवळ्याबरोबर प्लास्टिक येतं आणि ते निवडता निवडता मासळी उन्हात तापते. यातला बराचसा कचरा शहराच्या नाल्यांतून आणि खाड्यांतून आलेला असतो, हे अगदी खरं. पण शहराचा कचरा बहुतेक किनाऱ्याजवळ घुटमळतो. आपण टाकलेला कचरा मात्र आपण जिथे जाळं ओढतो तिथेच पडतो.

कुठली वस्तू कुठे जाते हे तिच्या वजनावर ठरतं. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या साधारण १.०२५ पट असते. नायलॉनची १.१४, म्हणून नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा तळाला जातो. पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकची १.३८, म्हणजे बाटली भरली की तीही तळाला. उलट पॉलिप्रॉपिलीनचा दोर (०.९ च्या आसपास) आणि एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची दोरी-पिशवी (०.९५) तरंगत राहतात. तळाला गेलेलं ट्रॉलच्या, म्हणजे तळावरून ओढायच्या जाळ्यात येतं, तरंगणारं बोटीच्या पंख्यात गुंततं. पंख्यात दोर अडकला की खलाशाला सुरी दातात धरून खाली उतरावं लागतं. हलत्या बोटीखाली ते काम किती जिवावरचं आहे हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको. समुद्राचं पाणी ओढून थंड होणाऱ्या इंजिनाच्या तोंडाला पिशवी चिकटली तर इंजिन तापतं. त्या दिवशीचं डिझेल, बर्फ आणि मासळीचा भाव एकत्र मांडून बघा, एका पिशवीची किंमत कळेल.

समुद्रात कचरा टाकण्याबद्दल कायदा नेमका काय म्हणतो?

जहाजांच्या प्रदूषणाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला मार्पोल म्हणतात. त्याचं पाचवं परिशिष्ट कचऱ्याबद्दल आहे. ते ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू झालं. जुन्या नियमात प्लास्टिक सोडून बाकी बरंच काही ठरावीक अंतरापलीकडे टाकता येत होतं: कागद, चिंध्या, काच, डबे. म्हणूनच जुने तांडेल अजून सांगतात, ‘बारा मैलांच्या बाहेर चालतं.’ ते त्यांच्या काळी चूक नव्हतं. १ जानेवारी २०१३ पासून नियम उलटा फिरला. आता सगळंच टाकायला बंदी आहे आणि जे चालतं त्याची छोटी यादी दिली आहे.

त्या यादीतलं आपल्या कामाचं एकच, उरलेलं अन्न. बारीक वाटलेलं, म्हणजे २५ मिलिमीटरच्या जाळीतून पडेल असं अन्न जवळच्या जमिनीपासून ३ सागरी मैलांच्या पुढे, आणि न वाटलेलं १२ सागरी मैलांच्या पुढे टाकता येतं; तेही बोट चालू असताना. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे ३ मैल म्हणजे साडेपाच किलोमीटर आणि १२ मैल म्हणजे सव्वाबावीस किलोमीटर. आपल्या बोटींवर वाटायचं यंत्र नसतं. म्हणून सोपा हिशोब: बारा मैलांच्या आत बादलीतलं काहीही बाहेर पडणार नाही. बाराच्या बाहेर भात, भाजीची देठं, कांद्याची सालं चालतील. प्लास्टिक, दोर, जाळं, काच, पत्रा, चिंधी, खायचं तेल आणि जाळलेल्या कचऱ्याची राख कुठेच चालत नाही, मग बोट शंभर मैलांवर का असेना.

हे मोठ्या जहाजांसाठी असेल. आमच्या बोटीला कुठे लागू?

टाकण्याची बंदी बोटीच्या आकारावर अवलंबून नाही. मासेमारी बोट आणि हौसेची बोटही त्यात येते. आकारावर अवलंबून आहेत ते कागद. १२ मीटर किंवा त्याहून लांब बोटीवर काय टाकायचं नाही याची पाटी लागते, आणि ती खलाशांच्या कामाच्या भाषेत हवी. १०० ग्रॉस टनेजपासून (हे बोटीच्या आतल्या एकूण जागेचं माप) पुढच्या किंवा १५ आणि त्याहून जास्त माणसं नेणाऱ्या बोटींना कचऱ्याचा लेखी आराखडा लागतो. पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्याच्या बोटीवर पंचवीस-तीस माणसं सहज असतात, तेव्हा त्यांनी हा आकडा डोक्यात ठेवावा.

पाटीबद्दल एक सांगते. आमच्याकडे पहिल्यांदा कुणीतरी इंग्रजी पाटी छापून आणली. बोटीवर आठातले पाच नेपाळी. ती पाटी वाचू शकणारा एकमेव माणूस मी, आणि मी कधी बोटीवर नसते. आता केबिनच्या दारावर हिंदीत आणि नेपाळीत ऑइलपेंटने चार ओळी रंगवल्या आहेत. नेपाळी ओळी त्यांच्यातल्याच एकाने लिहिल्या.

मासळी साफ केल्यावरची डोकी, आतडी, खवले?

फेरीत पकडलेली ताजी मासळी आणि तिचे भाग यांना मार्पोल कचरा धरत नाही. बाहेर समुद्रात ते टाकायला हरकत नाही, दुसरी मासळी आणि पाखरं खातात. बंदराच्या आत मात्र टाकू नका. तिथलं पाणी हलत नाही, घाण कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि मग ज्या वासाला आपण ‘बंदराचा वास’ म्हणतो तो सुटतो. मासळीला तसा वास नसतो.

कचरा कमी करायचा तर सुरुवात कुठून करायची?

रेशनच्या वहीतून. बोटीवर कचरा तयार होतो असं आपण म्हणतो, पण तो धक्क्यावरूनच चढलेला असतो, फक्त तेव्हा त्याच्या आत काहीतरी भरलेलं असतं. समुद्रात गेल्यावर कितीही शिस्त लावा, दोनशे पुड्या चढल्या असतील तर दोनशे रिकाम्या पुड्या होणारच. वाऱ्यात त्यातल्या निम्म्या हाताला लागत नाहीत.

पाण्याचा हिशोब घ्या. आठ माणसं, दिवसाला माणशी ४ लिटर पिण्याचं आणि चहाचं, दहा दिवस: ३२० लिटर. लिटरच्या बाटल्या घेतल्या तर ३२० बाटल्या आणि ३२० बुचं. वीस लिटरचे जार घेतले तर १६ जार, आणि ते परत भरायला जातात म्हणून कोणी पाण्यात टाकत नाही. टाकी असेल तर तेही नको. टाकीच्या पाण्याला वास येतो ही खलाशांची तक्रार खरी असते, पण त्यावर उपाय बाटल्या हा नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये टाकी आतून घासायची, तिचं झाकण घट्ट आहे का बघायचं आणि उन्हाच्या बाजूला गोणपाट टाकायचं. आम्ही ते केल्यावर बाटल्यांची मागणी आपोआप कमी झाली.

चहाचे कप: आठ माणसं, दिवसाला तीन चहा, दहा दिवस, २४० कप. ज्याचा त्याचा स्टीलचा पेला, नाव कोरलेला, दांडीला लटकवलेला. खर्च एकदाच. (स्टीलचे पेले चोरीला जातात असं मला सांगण्यात आलं. दोन वर्षांत एक गेला, तोही पाण्यात.)

बाकीचं आमच्या वहीत असं बदललं. तांदूळ, डाळ, पीठ दुकानातून सुटं घेऊन झाकणाच्या डब्यांत जातं; लहान पाकिटं घरीच फुटतात आणि कचरा घरच्या घंटागाडीत पडतो. मसाला, मीठ, साखर तसंच. तेलाच्या पिशव्यांऐवजी पाच लिटरचा कॅन. अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये. पुठ्ठा भिजला तरी परत आणायचा. कांदे-बटाटे गोणीत, आणि ती रिकामी गोणीच पुढे कचऱ्याचं पोतं होते. दूध पिशवीतलंच लागतं, तर एक गोष्ट करा: कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता राहू द्या. तो नखाएवढा तुकडा सगळ्यात आधी उडतो आणि कधीच सापडत नाही.

राहिल्या तंबाखूच्या पुड्या. प्लास्टिक असलेल्या पुडीत गुटखा, तंबाखू, पानमसाला विकायला २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी बंदी आहे आणि महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासूनच बंद आहे. तरी खिशात काय असतं ते आपल्याला माहीत आहे. या पुडीत प्लास्टिक आणि चकाकणारा थर एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे भंगारवालाही ती घेत नाही. आम्ही सुकाणूजवळ झाकणाचा एक जुना डबा अडकवला आहे, फक्त पुड्या आणि विड्यांची थोटकं टाकायला. उपदेश केला नाही. डबा हाताच्या अंतरावर आहे एवढंच, आणि तो भरतो.

बोटीवर पाय ठेवायला जागा नाही. कचरा ठेवायचा कुठे?

आधी मोजा, मग बोला. वर सांगितलं तसं रेशन भरलं तर आठ माणसांचा दहा दिवसांचा सुका कचरा चेपून दोन गोण्यांत मावतो. आमच्याकडे त्या केबिनच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला, खिळ्याला न अडकवता कठड्याला बांधलेल्या असतात. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे ठेवू नका. तिथे लाट येते आणि जाळ्याचं कामही तिथून चालतं. इंजिनजवळ नको, आगीची भीती. मासळीच्या खणाजवळ नको. आणि उघडी बादली कुठेच नको, वारा ती पाच मिनिटांत रिकामी करतो.

ओल्या कचऱ्याला घट्ट झाकणाची वेगळी बादली. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा चालतो, आतून चांगला धुतलेला.

वास येतो, झुरळं होतात. त्यापेक्षा टाकून दिलेलं बरं नाही का?

वास प्लास्टिकचा नसतो, त्याला लागलेल्या अन्नाचा असतो. दुधाची पिशवी, तेलाचा कॅन, लोणच्याची बरणी खाऱ्या पाण्याने एकदा खळबळून मग पोत्यात. झुरळांचं म्हणाल तर ती पोत्याआधीपासून बोटीवर राहतात, बहुतेक बोटींवर तीच सगळ्यात जुनी मंडळी.

पत्र्याच्या डब्यात जाळून टाकलं तर?

नाही. डिझेल, गॅसचा सिलिंडर, सुकलेली जाळी आणि वारा यांच्यामध्ये उघडी आग पेटवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. धूर विषारी असतो आणि तो केबिनमध्येच शिरतो. शिवाय खाली जी काळी गोळी उरते ती पाण्यात टाकायलाही बंदीच आहे, म्हणजे परत आणायचं ओझं तसंच राहतं.

जाळं तुणताना निघणारे तुकडे एवढे बारीक असतात. तेही जमवायचे?

तेच जास्त जमवायचे. फाटकं जाळं कुणी सहजासहजी टाकत नाही, त्याला भंगारात भाव असतो. पण तुणताना, म्हणजे जाळं दुरुस्त करताना कापलेले बोटभर नायलॉनचे धागे खाली पडतात, डेकवरून पाण्याबरोबर जातात, धक्क्यावर दगडांच्या फटीत बसतात आणि पहिल्या पावसात समुद्रात. आमच्या बंदरात मे महिन्यात ओळीने माणसं तुणायला बसतात. उठल्यावर खाली बघितलं तर निळ्या-हिरव्या केसांचा थर असतो. खाली जुनी ताडपत्री अंथरा, संध्याकाळी चारी कोपरे उचलून पोत्यात झटका. आणखी काही लागत नाही.

जाळं तुटून हरवलं तर काय करायचं?

हरवलेलं जाळं मासे मारतच राहतं. मासळी अडकते, मरते, तिला खायला खेकडे-कासवं येतात, तीही अडकतात. इंग्रजीत त्याला भुताचं जाळं म्हणतात आणि नाव चुकीचं नाही: धरणारा कोणी नाही आणि धरणं चालू.

पहिलं काम, जीपीएसवर जागा नोंदवा, लगेच. नंतर आठवून सांगितलेली जागा कामाची नसते. दुसरं, हवा बरी असेल तर लोखंडी आकडा टाकून ओढून बघा. गिलनेट, म्हणजे पाण्यात उभं सोडायचं जाळं वापरणारे हे करतातच, कारण जाळ्याची किंमत त्यांना माहीत असते. तिसरं, आसपासच्या बोटींना व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या वायरलेसवर सांगा. चॅनल १६ वर हाक मारायची आणि बोलणं दुसऱ्या चॅनलवर न्यायचं. १६ संकटासाठी मोकळा ठेवायचा असतो. बंदरात आल्यावर मच्छीमार सोसायटीला आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला कळवा.

पुरेशी काळजी घेऊनही जाळं अपघाताने गेलं तर मार्पोल तो गुन्हा धरत नाही. मुद्दाम कापून सोडलेलं वेगळं. तेव्हा कळवण्याची भीती बाळगू नका.

बोयांवर, म्हणजे जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या गोळ्यांवर बोटीचा नंबर रंगवून ठेवा. हरवलेलं जाळं परत मिळाल्याचे दोन किस्से मी ऐकले आहेत, दोन्हींत बोयावर नंबर होता.

आमच्या जाळ्यात दुसऱ्याचा कचरा येतो. तोही आम्हीच आणायचा?

हा प्रश्न सगळ्यात रागाने विचारला जातो, आणि राग बरोबर आहे. डिझेल आपलं, जागा आपली, मेहनत आपली आणि कचरा कुणाचातरी.

केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ साली ‘शुचित्व सागरम’ नावाचं काम सुरू झालं. बोटींना पोती दिली, जाळ्यात आलेलं प्लास्टिक पाण्यात परत न टाकता बंदरात आणायचं ठरलं, तिथे बायकांचा गट ते निवडून धुतो, यंत्रात त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते रस्त्याच्या डांबरात वापरतात. ते चाललं, कारण धक्क्यावर घेणारं कुणीतरी उभं होतं. आपल्याकडे प्रत्येक बंदरात तसं नाही, आणि नुसतं ‘आणा’ म्हणून उपयोग नाही.

तरीही जाळ्याचा मोठा पुंजका, जाड दोर, ताडपत्री हाती लागली तर परत टाकू नका. तो पुंजका पुढच्या फेरीला पुन्हा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या पंख्यात येतो. दोराला आणि जाळ्याला भंगारात गिऱ्हाईक असतं. ते पैसे खलाशांना चहापाण्याला द्या, नाखव्याने खिशात घालू नयेत.

त्या पुंजक्यात कासव अडकलेलं असेल तर?

जाळं कापा, कासवाचा पाय ओढू नका. वल्ह्यासारख्या पायांना धरून उचललं की सांधा निखळतो. पाठीच्या कवचाला दोन्ही बाजूंनी धरायचं. पायाला दोर आवळून जखम झाली असेल तर तसंच सोडून देऊ नका, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवून वनखात्याला कळवा. डहाणूला कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी स्वतःचं जाळं कापावं लागलं तर राज्य सरकारची भरपाईची योजना आहे, २०१८ च्या डिसेंबरपासून, २५,००० रुपयांपर्यंत. त्यासाठी मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा: कासव जाळ्यात असताना, जाळं कापताना आणि सोडताना.

जळकं ऑइल आणि इंजिनखाली साठलेलं तेलकट पाणी कुठे टाकायचं?

जळकं ऑइल कॅनमध्ये, झाकण लावून, धक्क्यावर. ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं, पण फुकट द्यावं लागत नाही, विकत घेतात. म्हणून याबाबतीत बोटवाले बरेच शहाणे आहेत. ज्या कॅनमधून नवं ऑइल आलं त्याच कॅनमध्ये जुनं परत भरा.

इंजिनखालचं पाणी ही खरी अडचण. पंप लावला की सगळं बाहेर, आणि पाण्यावर इंद्रधनुष्य. आम्ही करतो ते असं: इंजिनखाली गळती पडते तिथे पत्र्याचा उथळ ट्रे, ट्रेमध्ये जुनी चिंधी. पंपाआधी वर तरंगणारं तेल चिंध्यांनी टिपून घ्यायचं. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या, गोणीत नाही. त्या आपोआप तापून पेटू शकतात. मोठ्या जहाजांना बाहेर जाणाऱ्या पाण्यात दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त तेल चालत नाही. चिंधीने तेवढं साधत नाही, पण ट्रे लावल्यापासून आमच्या पाण्यावरची तकाकी बरीच कमी झाली, आणि गळती कुठून होते तेही सापडलं. एक सील गेलं होतं.

बॅटऱ्या, बल्ब, रंगाचे डबे?

मोठी बॅटरी जुनी देऊन नवी घेताना पैसे वळते होतात, ती पाण्यात जायचं कारणच नाही. टॉर्चचे सेल, फुटके बल्ब, उरलेली औषधं एका बरणीत जमवून घरी आणा आणि घंटागाडीला वेगळी द्या. मुदत संपलेल्या संकट-ज्योती (मदत मागायला पेटवायच्या) कचऱ्यात टाकू नका, गंमत म्हणून पेटवूही नका; विकणाऱ्याकडे किंवा बंदर अधिकाऱ्याकडे विचारा.

मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत बोट वर ओढलेली असते. तेव्हा कसला कचरा?

वर्षातला सगळ्यात वाईट, माझ्या मते. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोट किनाऱ्यावर, पाऊस आणि नैऋत्येचा वारा. पूर्वी होड्या झापांनी शाकारायचे. झापं कुजली तरी मातीत जायची. आता निळी ताडपत्री. स्वस्तातली ताडपत्री पंधरा दिवसांत वाऱ्याने चिरते, तिच्या पट्ट्या होतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला जावं तर किनाऱ्यावर निळ्या चिंध्या. जाड ताडपत्री घ्या, कडा दुमडून बांधा, तीन वर्षं जाते. ज्याच्या वाडीत माड आहेत त्याने झापं विणून घ्यावीत. विणणारे हात अजून गावात आहेत, फक्त म्हातारे झालेत.

दुसरं म्हणजे खरवडणं. बोटीच्या बुडाचा जुना रंग घासताना जी पूड पडते तिच्यात तांबं असतं. शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून ते विषच घातलेलं असतं. कोरड्यात, भरतीच्या रेषेच्या वर, खाली ताडपत्री अंथरून घासा आणि तोंडाला फडकं बांधा. ही पूड बाजूला गोळा करायची, वाळूत पुरायची नाही. थर्माकोलचे तुटके डबेही याच दिवसांत उडतात. ते दाणा दाणा होऊन सुटतात आणि मग कुणाच्या बापाला गोळा होत नाहीत.

पर्यटकांची बोट असेल तर?

मालवणहून किल्ल्याकडे किंवा मांडव्याच्या फेरीला वेळ कमी, माणसं जास्त. एकच मुख्य शत्रू: वेफर्सचं पाकीट. झाकणाची कुंडी बसण्याच्या जागेजवळ बांधा आणि बोट सुटायच्या आधी तांडेलाने स्वतः सांगावं. पाटी कोणी वाचत नाही. पाखरांना वेफर्स, शेव घालणं बंद करा. पाकीट हातातून सुटतं ते त्याच वेळी.

मुलगा मर्चंट नेव्हीत लागलाय. मोठ्या जहाजावर हे कसं असतं?

तिथे सगळं वहीत. कचऱ्याची नोंदवही ठेवावी लागते. पूर्वी ती ४०० ग्रॉस टनेजपासून पुढच्या जहाजांना होती, १ मे २०२४ पासून १०० पासून पुढे. ए ते के असे प्रकार केलेले आहेत: प्लास्टिक, अन्न, घरगुती, खायचं तेल, राख वगैरे, मासेमारीची साधनं एचमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक कचरा आयमध्ये. तारीख, जागा, किती, कुठे दिलं, सही. शेवटच्या नोंदीनंतर ती वही दोन वर्षं जपायची. आखाताच्या फेऱ्यांवर आपल्याकडची पुष्कळ मुलं असतात, त्यांना माहीत असावं: पर्शियन आखात हा विशेष भाग आहे, तिथे अन्न वाटूनही १२ मैलांच्या बाहेरच टाकता येतं, आणि न वाटलेलं टाकताच येत नाही. तांबड्या समुद्रालाही १ जानेवारी २०२५ पासून हेच लागू झालं.

दंड किती?

महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिक बंदीखाली पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. बोटीवर येऊन हे तपासलेलं मी पाहिलेलं नाही. धक्क्यावरच्या दुकानात छापे पडतात.

खलाशी ऐकत नाहीत. तांडेल म्हणतो, हे माझं काम नाही.

खलाशाने दहा-बारा तास जाळं ओढलेलं असतं. त्याला आणखी एक शिस्त लावायला गेलात तर तो तुमच्यासमोर ‘हो’ म्हणेल आणि बोट दिसेनाशी झाली की पोतं रिकामं करेल. ज्याचा उपयोग झाला ते सांगते. आम्ही कचरा तांडेलाच्या नाही, भंडाऱ्याच्या, म्हणजे जेवण रांधणाऱ्याच्या हवाली केला. सामान त्याच्याच हातून फुटतं. परत आलेल्या भंगाराचे पैसे त्यालाच. आणि बोट लागली की मी वही घेऊन उभी राहते: तेलाचे कॅन दोन गेले, दोन आले का? जार सोळा? कमी असेल तर ओरडत नाही, विचारते. तांडेलाला मात्र एकच गोष्ट स्पष्ट सांगितली, त्याने स्वतः विडीचं थोटूकसुद्धा पाण्यात टाकायचं नाही. सगळी बोट त्याच्याकडे बघते.

एवढं करून पोतं धक्क्यावर आणलं, तर टाकायला जागाच नाही. पुढे?

बंदराचा धक्का एका खात्याचा, गावातला कचरा ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा, आणि मधल्या पन्नास पावलांत पोतं कुणाचंच नाही. एकट्या नाखव्याच्या अर्जाला उत्तर येत नाही, मच्छीमार सोसायटीच्या पत्राला येतं. पत्रात बोटींची संख्या लिहा, आठवड्याला साधारण किती पोती होतील ते लिहा आणि घंटागाडीने धक्क्याच्या तोंडाशी कोणत्या वेळी यावं ते लिहा. बोटी लागण्याची वेळ भरतीवर असते, गाडीची घड्याळावर. हे पत्रात नसेल तर गाडी रोज सकाळी येऊन रिकामी जाईल. आमच्याकडे नेमकं तसंच दोन महिने झालं.

गाडी येईपर्यंत पोती जमिनीवर ठेवू नका. पहिल्या रात्री आम्ही ठेवली होती. सकाळी कुत्र्यांनी आणि कावळ्यांनी दहा दिवसांचं रेशन धक्काभर मांडून ठेवलं होतं आणि ओहोटी अर्धं घेऊन गेली होती. आता सोसायटीच्या भिंतीला डिझेलचं रिकामं पिंप आहे, वर पत्र्याचं झाकण, झाकणावर दगड. दगड मोठा लागतो, लहान दगड कुत्रीही ढकलतात.